सुपाला बढती

पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यात हल्ली सूप भिंतीवर असतं. गेरूचा हात, त्यावर पांढरा तारपा नाच. पाखडायला मागितलंत तर यजमानीणबाई किंचाळतील, ‘अहो, रंग उडेल!’ तिकडे सायवनच्या वारली पाड्यांवर सूप अजून तांदूळच पाखडतंय. आपण कलावस्तू झालो, हे त्याला कुणी कळवलेलं दिसत नाही.

वारली बायकांना सूप-उखळासारख्या वस्तूंचं रूप फार आधी दिसलं. कुडाची सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचं पाणी, टोक ठेचलेली बांबूची काडी, बस्स. उखळापाशी दोघी, एकीचं मुसळ वर, दुसरीचं खाली, अन् टोकाला टोक लावलेल्या दोन त्रिकोणांत आख्खी बाई. आपल्याला मात्र वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी ते कागदावर उतरवल्यावर दिसलं, आणि 2011च्या पद्मश्रीनंतर जरा नीट दिसलं.

आता उशांचे अभ्रे, मोबाइलची कव्हरं, सगळीकडे वारली. परवा एका दुकानात वारली चित्राचा मग पाहिला. ‘हाताने काढलंय,’ विक्रेता म्हणाला. मागच्या फळीवर तसेच चाळीस. मगाच्या कानाखाली तारपा फुंकणाऱ्याचं डोकं उडालं होतं. नाच मात्र जोरात चालू.