जाहीर सूचनाबाईंना अनावृत पत्र

प्रति,
श्रीमती जाहीर सूचना,
मुक्काम राजपत्र, पोस्ट वर्तमानपत्राचे आतले पान, खालचा कोपरा.

विषय : आमच्याच जमिनीची खबर आम्हाला सोडून सर्वांना दिल्याबद्दल आभार.



बाई, वसई तालुक्यातल्या गास गावातून हे पत्र लिहीत आहे. आपली प्रत्यक्ष ओळख नाही, पण दोष तुमचा नाही. तुम्ही कायद्याने ठरवलेल्या दिवशी, ठरवलेल्या जागी हजर असता. आम्हीच तेव्हा वाडीत केळीला पाणी लावत असतो, विड्याची पाने खुडत असतो, नाहीतर नालासोपाऱ्याहून सुटणाऱ्या लोकलमध्ये एका पायावर उभे असतो. तुम्ही येऊन गेलात हे आम्हाला कळते, तेव्हा हरकतीची मुदत उलटून गेलेली असते.

तुमचा मान केवढा! महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ हे तुमचे माहेर. त्याच्या कलम २६ प्रमाणे विकास योजनेचे प्रारूप तयार झाले, की राजपत्रात तुमची स्वारी प्रसिद्ध होते आणि त्या घटकेपासून तीस दिवस मोजले जातात. शाळेसाठी आरक्षण कुठे, रस्ता कोणाच्या अंगणातून, नकाशातला शेतीचा हिरवा पट्टा कुठे संपून वस्तीचा पिवळा कुठे सुरू, या सगळ्यावर ज्याला बोलायचे त्याने त्या तीस दिवसांत बोलावे. एवढेच की गासला येणारा पेपरवाला राजपत्र टाकत नाही. त्याला दोन-तीनदा सांगून पाहावे म्हणतो.

वर्तमानपत्रात तुम्ही भेटता, पण पदर अगदी डोळ्यांपर्यंत ओढून. एका बाजूला कोणीतरी नाव बदललेले असते, दुसऱ्या बाजूला कोणाचे मूळ खरेदीखत गहाळ झालेले असते आणि मध्ये मुंगीच्या अक्षरांत तुम्ही. भाषाही खानदानी : सदरहू, उपरोक्त, अनुज्ञेय, फेरबदल. 'मौजे गास, सर्व्हे नंबर अमुक, हिस्सा नंबर तमुक' इथपर्यंत पोहोचेस्तोवर म्हाताऱ्या माणसाचा चष्मा घामाने भरतो. गावात कोणीही आपली जमीन नंबराने ओळखत नाही. ती बावखळाच्या, म्हणजे जुन्या तळ्याच्या, पलीकडची असते, आजोबांनी राखलेली असते, खाजणाला लागून असते. सातबारा ट्रंकेत आणि नकाशा महापालिकेच्या कचेरीत. या तिघांची गाठ घालून देणारे कोणी सापडले, तर तुमचा अर्थ लागतो.

आमच्याकडे हरकती मागवण्याची एक जुनी पद्धत आहे, तीही सांगून ठेवतो. चर्चमध्ये लग्न ठरलेल्या मुलामुलींची नावे रविवारच्या मिस्सेत वाचून दाखवतात. जुनी रीत सलग तीन रविवारांची. कोणाला काही अडचण माहीत असेल, तर पुढे यावे, असे साऱ्या गावासमोर मराठीत सांगतात. दोन माणसांच्या संसाराला एवढी विचारपूस! हजारो माणसांच्या वीस वर्षांच्या संसाराची बातमी मात्र 'नाव बदलले आहे'च्या शेजारी.

पूर्वी निदान ग्रामपंचायत होती. फळ्यावर कागद लागे, ग्रामसभेत आरडाओरडा होई. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि पन्नासहून अधिक गावे एकत्र करून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली आणि आम्ही एका रात्रीत शहरवासी झालो. ग्रामसभा गेली. गावांनी आंदोलन केले, तेव्हा शासनाने २०११ साली २९ गावे वगळायचे ठरवले. त्यांत गासही होते. प्रकरण उच्च न्यायालयात अडकले. २०२४ साली शासनाने आपला जुना निर्णय फिरवायचे ठरवले आणि त्यावर हरकती मागवल्या. आम्ही शहरात आहोत की गावात, हा प्रश्नसुद्धा शेवटी बाई तुमच्याच पदराला बांधलेला! बरे, नगरसेवक येऊन सांगेल म्हणावे, तर महापालिकेची मुदत जून २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ सगळा कारभार प्रशासकांच्या हाती होता. इतकी वर्षे तुमच्याविषयी विचारायला गल्लीत हक्काचा माणूसच नव्हता.

तुमची आणि वसईची एक भेट मात्र गाजली. सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबई महानगर प्रदेशाच्या २०१६ ते २०३६ या काळासाठीच्या प्रादेशिक योजनेचे प्रारूप आले. आले ते इंग्रजीत. केळीच्या बागायतदाराने इंग्रजी वाचून हिरव्या पट्ट्याचे काय होणार ते ठरवायचे! वसईकरांनी ते मराठीत मागितले, गावोगावी बैठका घेतल्या, हरकतींचे अर्ज भरून घेतले. हजारोंनी हरकती गेल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून या तालुक्याला हेच शिकवले होते : नकाशा मागा, वाचा, लेखी हरकत द्या, पोच घ्या.

त्याच्या सुमारे दीड वर्ष आधीची मुंबईची गोष्ट तुम्हाला आठवत असेलच. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईचा विकास आराखडा आला. लोकांनी नकाशात आपापली गल्ली शोधली, चुका दाखवल्या, हरकतींचे ढीग लागले आणि एप्रिलमध्ये सरकारने तो आराखडाच रद्द करून नव्याने करायला सांगितला. तुम्ही लोकांना भेटलात, की असे होते. तेव्हा तुमच्या लाजाळूपणामागे कोणाची सोय आहे, याचा आम्हाला हळूहळू उमज पडू लागला आहे.

तुमच्या घरातल्या कलम ३७ चे तर आम्हाला भारी कौतुक. मंजूर योजनेत किरकोळ फेरबदल करायचा असेल, तर राजपत्रात छापण्याबरोबरच बाधित होणाऱ्या सर्व व्यक्तींवर नोटीस बजावावी, असे ते म्हणते. 'बाधित' कोण, तेवढे कोणीतरी बसून ठरवावे. ज्याच्या जमिनीचा रंग बदलला तो, हे झालेच. पण शेजारच्या खाजणात भराव पडल्यावर ज्याच्या ओटीवर पाणी चढते, तो कोण? जुलै २०१८ मध्ये अर्धी वसई पाण्यात गेली, तेव्हा नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आणि आयआयटी मुंबई यांना कारणे शोधायला बसवावे लागले. आमचा सनसिटी-गास रस्ता तर पावसाळ्यात पाण्याखाली जाण्यासाठीच ओळखला जातो. पाणी नोटीस न देता येते हे खरे. पण ते ज्या वाटेने येते, ती अडवताना नोटीस निघालेली असते.

बाई, कायद्याला तुम्ही कशा असाव्यात हे ठाऊक नाही असेही नाही. माहितीचा अधिकार कायदा, २००५ चे कलम ४ सांगते, की माहिती स्थानिक भाषेत आणि त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरेल अशा मार्गाने द्यावी. केंद्राची २००६ ची पर्यावरण अधिसूचना तर जनसुनावणीसाठी, जिथे वर्तमानपत्र पोहोचत नाही तिथे, चक्क दवंडी पिटायला सांगते. ब्रिटनमध्ये बांधकामाचा अर्ज आला, की त्या जागेजवळच्या खांबाला कागद लावतात किंवा शेजाऱ्यांना पत्र धाडतात आणि म्हणणे मांडायला किमान २१ दिवस देतात. खांब गासलाही आहेत. त्यांच्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छांचे बॅनर आरामात मावतात.

वसई-विरारची २००७ पासून टप्प्याटप्प्याने मंजूर झालेली विकास योजना २०२१ पर्यंतची होती. पुढच्या योजनेसाठी आणि तिच्यातल्या प्रत्येक फेरबदलासाठी तुम्हाला यावेच लागणार. तेव्हा काही विनंत्या आहेत. जागेवर फलक होऊन या, मोठ्या अक्षरांत, मराठीत. सर्व्हे नंबराबरोबर रस्त्याचे, आळीचे, तलावाचे नाव सांगा. सोबत नकाशाचा तुकडा आणा. चर्चच्या आणि देवळाच्या फळ्यावर बसा, मच्छी बाजारात उभ्या राहा, रिक्षावर भोंगा लावून फिरा. तीस दिवस मोजायचे ते तुम्ही राजपत्रात उतरलात त्या दिवसापासून नको, गावात फलक लागला त्या दिवसापासून. सुनावणी कामाच्या दिवशी दुपारी ठेवू नका, रविवारी ठेवा. आणि हरकत फेटाळली, तर का फेटाळली ते लेखी कळवा.

हे जमणार नसेल, तर निदान 'हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत' हे वाक्य तरी छापू नका. विचारायचेच नसेल, तर विचारल्याचे नाटक कशाला?

गासकरांनो आणि शेजारच्या गावकऱ्यांनो, बाई सुधारेपर्यंत एक काम आपल्याकडे आहे. प्रत्येक आळीने एका माणसाला रोज वर्तमानपत्राच्या आतल्या पानाचा खालचा कोपरा वाचायला नेमा, मजकूर त्याच दिवशी सर्वांना कळवा आणि हरकत दिली, की शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

आपला न कळवलेला,
गासचा एक रहिवासी