जाता जाता सोडा

गिरगावातल्या प्रत्येक चाळीत एक नाना असतातच. नानांकडे वाहन नसतं, घेण्याचा विचारही नसतो, आणि तरी कुलाब्यापासून दादरपर्यंतचा एकही भाग त्यांना परका नसतो. हिंदू कॉलनीतला साखरपुडा असो, केईएममध्ये कुणाला बघायला जाणं असो की लालबागच्या चिवडा गल्लीतली दिवाळीची खरेदी, नाना तिथे घाम न येता पोहोचलेले असतात. कारण नाना स्वतः कुठे जातच नाहीत. जाणारा दुसराच असतो, नाना त्याच्याबरोबर असतात.

हे फार जुनं आहे. ३१ मार्च १९६४ च्या रात्री मुंबईची शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला निघाली, ती आमच्या नानांनी वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिली. प्रवासाची ती पद्धत त्यांना तेव्हाच पटली असावी. ट्राम गेली, परवा परवा काळ्या-पिवळ्या फियाटही गेल्या, जुनी लाल डबलडेकरही गेली; नानांच्या वेळापत्रकात काडीचा फरक पडला नाही.

कोण कुठे निघालंय हे नाना नाकाने ओळखतात. जिन्यात डांबराच्या गोळ्यांचा वास आला की पैठणी ट्रंकेतून बाहेर निघालेली असते, म्हणजे लग्न, म्हणजे टॅक्सी. बामचा वास आला तर दवाखाना. तिथेही टॅक्सीच, पण परतीची खात्री नाही. मग नाना सदरा बदलून कठड्यापाशी सहज उभे राहतात.

दुसऱ्या मजल्यावरच्या प्राध्यापकबाई प्राणिशास्त्र शिकवतात. चार-पाचदा त्यांच्या टॅक्सीत नाना बसले, तेव्हा त्यांनी निदान केलं: "नाना, तुम्ही माइट आहात."

नानांनी आधी पगडी मिळाल्यासारखा चेहरा केला आणि मग माइट म्हणजे काय ते विचारलं.

माइट म्हणजे कोळ्याच्या गोतावळ्यातला आठ पायांचा जीव, बहुतेक टाचणीच्या डोक्याहून लहान. पंख नाहीत. काही जाती शेणाच्या पोवात राहतात. पो चार दिवसांत वाळतो, आणि ताजा पो शेतापलीकडे पडलेला असतो. ते अंतर चालून काढायचं तर आयुष्य संपेल. पण त्याच पोवात शेणकिडा येतो, आणि त्याला पंख असतात. माइट त्याच्या पोटाला, पायाच्या सांध्याला धरून बसतो; किडा उडाला की माइट उडाला. तो रक्त पीत नाही, चावत नाही, त्याला फक्त जायचं असतं.

"म्हणजे सज्जन आहे," नाना म्हणाले.

बाईंना आता तास मिळाला होता. अमेरिका खंडातले काही माइट हमिंगबर्डच्या नाकपुडीत बसून या फुलावरून त्या फुलावर जातात, आणि आपल्या फुलाचा वास आला की चोचीवरून पळत खाली उतरतात. पक्षी फुलापाशी काही क्षणच थांबतो, तेवढ्यात उतरायचं. डांबराच्या गोळ्यांचं शास्त्र असं मान्यताप्राप्त निघाल्यावर नाना सरसावून बसले. काही माइट तर पार्श्वभागातून चिकट स्राव सोडतात. तो सुकून देठ होतो आणि त्या देठावर स्वारी भुंग्याला जखडून राहते. हे ऐकून पहिल्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांनी सुस्कारा टाकला. त्यांच्या गाडीची पुढची डावी सीट कित्येक वर्षं नानांची आहे. वकिलीणबाई मागे बसतात.

वकीलसाहेबांसाठीही बाईंकडे दाखला होता. चाळीच्या लाकडी कठड्याला गोल भोकं पाडणारे ते मोठे काळे भुंगे! त्यांच्या काही जातींत मादीच्या पोटाच्या पहिल्या खंडात चक्क एक कप्पा असतो आणि त्यात माइट राहतात. वाहनाने स्वतःच्या अंगात प्रवाशाची सोय केलेली! वकीलसाहेब बराच वेळ कठड्याकडे बघत राहिले.

एका बाबतीत मात्र नाना नापास झाले. कित्येक माइटांना प्रवासाच्या अवस्थेत तोंडच नसतं. खाणं बंद, नुसतं बसून राहायचं. नानांचं तोंड ठाकूरद्वारला सुरू होतं ते भायखळ्याच्या पुलावरही बंद होत नाही; उजवीकडे गिरणी कुठली होती, डावीकडे टॉवर कुणी बांधला, आणि ड्रायव्हरने इथून वळायला का नको होतं.

तरी लोक नानांना नेतात, आणि भिडेखातरच नेतात असंही नाही. शेणकिड्यावरून उतरलेला माइट नव्या पोवात काय करतो? माशीची अंडी खातो. माशीच्या अळ्या किड्याच्या पोरांच्या तोंडचा घास पळवणार असतात, त्यांचा परस्पर निकाल लागतो. नानांचंही काम उतरल्यावर सुरू होतं. केसपेपरची खिडकी कुठली, कुठल्या जिन्याने वॉर्ड जवळ पडतो, हे त्यांना ठाऊक. लग्नात मानपानावरून रुसलेल्या आत्याबाईंचं नाना तासभर ऐकून घेतात, तेवढ्यात पंगत उठते. फुकट बसणाऱ्याचा हिशेब भाड्यात मांडू नये, असं माझं मत झालं आहे. अर्थात माझ्याकडे गाडी नाही.

गेल्या पावसाळ्यात बाईंच्या सासऱ्यांना केईएममध्ये दाखवायचं होतं. बाईंनी या वेळी आपण होऊन नानांना विचारलं. टॅक्सी चाळीच्या तोंडाशी आली. नाना आले. मागोमाग, जातच आहात तर लालबागला मसाला कुटायला टाकावा म्हणून, मिरच्यांची पिशवी घेऊन नानी आल्या. त्यांच्यामागे दादरहून गाडी पकडायची म्हणून बॅग घेतलेले मेहुणे. माइट फार झाले तर किड्याला उडणं जड जातं, हे बाईंनी नानांना सांगायचं राहूनच गेलं होतं.

ड्रायव्हरने मागे वळून माणसं मोजली. "चारच बसणार हां, पाच नाही."

नानांनी बाईंच्या सासऱ्यांना मागे नीट बसवलं, मेहुण्यांची बॅग डिकीत टाकली, स्वतः पुढे बसून दार ओढलं आणि काच खाली केली.

"बाई, तुम्ही पाठोपाठ बसने या. केसपेपर मी काढून ठेवतो."