व्ह्यू बंद ठेवा, डास येतात

नव्या गृहप्रकल्पाच्या जाहिरातीत एक बाई हमखास असते. कोवळं ऊन, हातात कॉफीचा मग आणि मागे जमिनीपासून छतापर्यंत काचेचं सरकतं दार, सताड उघडं. पडदा वाऱ्यावर उडतोय. डास नाही, कबूतर नाही, दोरीवर बनियन नाही. समोर डोंगर. या बाईच्या भरवशावर माणसं वीस-वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेतात. ताबा मिळाल्यावर डोंगराच्या जागी बी विंग निघते, ते एक असो. दार मात्र खरोखरच काचेचं असतं, आणि ते बंद कसं ठेवायचं याचा खर्च त्याच दिवशी सुरू होतो.

आधी ते उघडतं किती, ते बघा. आठ फुटांचं दार, दोन पल्ले. एक दुसऱ्याच्या मागे जाऊन उभा राहतो, म्हणजे मोकळी जागा चारच फूट. आजोबांच्या घरचं बिजागऱ्यांचं दार दोन्ही झडपांनी पुरतं उघडायचं आणि त्याबद्दल कुणी ब्रोशर छापत नसे. दर चौरस फुटाचा लागतो, तो मात्र आठही फुटांना. न उघडणाऱ्या चार फुटांना सवलत मागितलीत तर स्लायडिंगवाला तुमच्याकडे दयेने बघतो.

दुकानात प्रश्नपत्रिका तयारच असते. ॲल्युमिनियम की यूपीव्हीसी? टू ट्रॅक की थ्री ट्रॅक? काच पाच एमएम की सहा? साधी, टिंटेड की रिफ्लेक्टिव्ह? कुटुंब भांडतं फ्रेमच्या रंगावरून. सूनबाईंना शॅम्पेन हवा, सासूबाईंना वॉलनट, सासरे म्हणतात पांढरा मळतो. चार बाय सात फुटांच्या पल्ल्यात पाच मिलिमीटरची नुसती काचच तीस किलोच्या वर भरते आणि हा सगळा भार खालच्या चिमुकल्या चाकांवर असतो. ती कसली आहेत, हे कुणीही विचारत नाही. चाकं शॅम्पेन रंगात येत नाहीत ना.

टफन्ड काच घ्यावी, यात वाद नको. सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन गार केलेली ही काच फुटलीच, तर तिचे सुऱ्यासारखे तुकडे न होता बोथट चुरा होतो. घरात पोरंबाळं असतील तर हा पैसा सत्कारणी लागला समजा. फक्त एकदा टफन केलेली काच कापता येत नाही. मोजमाप घेणारा पोरगा मोबाइलवर बोलत टेप धरतो, पाव इंच इकडचा तिकडे होतो आणि तुमची काच त्या क्षणी दुसऱ्या कुणाच्या तरी घरची होते.

रिफ्लेक्टिव्ह काचेची शान वेगळीच. दिवसा बाहेरच्याला त्यात आरसा दिसतो, आतल्याला बाहेरचं सगळं दिसतं. दिवेलागणीनंतर पारडं फिरतं. घरात ट्यूब लावली की आरसा आपल्या बाजूला आणि बी विंगला आपला हॉल, जेवणाच्या ताटातल्या भाजीसकट. मग पडदे येतात. पडद्यांनी भागलं नाही की फ्रॉस्टेड फिल्म येते. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी शिंपल्यांची पातळ तावदानं बसवत. उजेड आत यायचा, नजरा बाहेर राहायच्या. तेच साधायला आपण आधी आरपार काचेचे पैसे मोजतो, मग तिचं आरपारपण झाकायचे.

आता जाळी. डासांची जाळी ही फ्लॅटमधली सर्वांत पारदर्शक तडजोड आहे: वारा अर्धा, धूळ पूर्ण. घडीची जाळी घ्या, गुंडाळणारी घ्या, नाहीतर स्टीलची; घरातली मंडळी ती उघडी टाकूनच बाल्कनीत फोनवर बोलायला जाणार. शिवाय आपण ती लावतो संध्याकाळी, कारण डास संध्याकाळी येतात, असं आजीने सांगितलंय. डेंग्यूचा डास दिवसाढवळ्या चावतो आणि त्याला स्वच्छ साठलेलं पाणी लागतं. ते आपण मनी प्लँटच्या कुंडीखालच्या ताटलीत, बंदिस्त केलेल्या बाल्कनीत, जाळीच्या आतल्या बाजूला जपून ठेवलेलं असतं. जाळी आपलं काम चोख करते. एकही डास बाहेर जाऊ देत नाही.

पण खरं नाट्य घडतं ते खालच्या पट्टीत. ट्रॅकला बाहेरच्या अंगाला बारीक भोकं असतात. पावसाचं पाणी साठलं की तिथून निघून जावं म्हणून. ती भोकं रंगाऱ्याच्या पुट्टीने ताबा मिळण्याआधीच बुजलेली असतात. उरलीसुरली कसर गवंड्याचं सिमेंट, दिवाळीची रांगोळी आणि मांजराचे केस भरून काढतात. जूनमध्ये पाऊस पश्चिमेकडून आडवा आला की पट्टीची पन्हळ होते, पन्हळीचा हौद होतो आणि हौद हॉलमध्ये उतरतो. बिल्डरला फोन केला तर तो म्हणतो, फ्लॅट हवेशीर आहे. मग सिलिकॉनची बंदूक घेऊन एक माणूस येतो. ट्रॅकपाशी उकिडवा बसतो, बोट फिरवून फिरवून प्रत्येक फट भरतो, आणि चुकून एखादं भोक उघडं राहिलं असेल तर तेही प्रेमाने बुजवतो. ‘आता थेंब येणार नाही, साहेब.’ थेंब येत नाहीत. एकदम तांब्याभर येतं.

तोवर सोसायटीची नोटीस लागलेली असते: इमारतीचं दर्शनी रूप बिघडवू नये. म्हणजे वॉलनट रंगावर आक्षेप. कबुतरांच्या जाळ्या, एसीचे डबे, वाळत घातलेल्या गोधड्या हे दर्शनी रूपातच मोडत असावेत.

राहता राहिली सुरक्षा. इतका खर्च करून त्या दाराला कडी असते अंगठ्याएवढी. ती लागली आहे की नुसती खाली आली आहे, हे चोर सोडून कुणालाच कळत नाही. स्लायडिंगवाल्याला विचारलं, तर तो कॅटलॉग मिटतो आणि आवाज उतरवतो.

‘आतून ट्रॅकमध्ये एक काठी आडवी टाका, साहेब. केरसुणीची चालेल.’

‘इम्पोर्टेड लॉक नाही का?’

‘आहे की. देतो. पण त्याच्यासोबत काठी टाकाच.’