जरा पडतो

मराठी माणूस दुपारी जेवल्यावर झोपत नाही, तो जरा पडतो. ‘झोपलो’ म्हटलं की आळसाचा कबुलीजबाब दिल्यासारखं होतं. ‘पडलो’ म्हटलं की त्यात आपला काही हात नव्हता, वरणभातानंच धक्का दिला, अशी पळवाट राहते. लहानपणी गुडघे फोडून घेतले तेवढे सोडले, तर हे क्रियापद मी जन्मभर याच अर्थानं वापरलं. दुसऱ्या अर्थाची उजळणी निवृत्तीनंतर एका सायकलीनं करून घेतली.

सायकलीचा प्रकार रिकंबंट. बसायला जाळीची आरामखुर्ची, पाठ मागे टेकलेली, पाय पुढे पसरलेले, आणि पॅडल जिथे असायला नको तिथे, म्हणजे जवळजवळ पोटाच्या रेषेत. पुढचं चाक लहान, मागचं मोठं, आणि लांबी पुऱ्या साडेसात फूट. ‘रिकंबंट’ हा शब्द आमच्या सोसायटीत कोणाच्या तोंडात बसेना. सौ.नं पहिल्याच दिवशी त्याचं मराठीकरण करून टाकलं : रिकामटेकडी. हे सायकलीला उद्देशून की मला, ते मी विचारलं नाही.

आता ही मला का हवी होती? तर चौथ्या सीटमुळे. १९९८ साली लोकल पनवेलपर्यंत आली, तेव्हापासून निवृत्तीपर्यंत मी पनवेल ते मस्जिद असा हार्बरचा पासधारक. लोक म्हणतात, पनवेलहून गाडी सुटते, तुमची चैन आहे! सकाळची आहे, कबूल. पण संध्याकाळी मस्जिदला चढणाऱ्याच्या नशिबी कुर्ल्यापर्यंत एका पायावर उभं राहणं आणि पुढे चौथी सीट. तीन माणसांच्या बाकावर चौथा जो टेकतो, त्याला बसणं म्हणायची रीत आहे एवढंच. अर्धं अंग बाकावर, अर्धं हवेत, आणि मानखुर्द सोडलं की पूल संपेपर्यंत खाडीचा वारा नेमका त्या हवेतल्या अर्ध्याला लागतो. सव्वीस वर्षं मी हे केलं. निवृत्तीनंतर डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा. चालवून पाहिली, तर साध्या सायकलीची सीट म्हणजे थेट चौथी सीट, तीही तिकीट न काढता. वर मनगटांना मुंग्या आणि मानेला कळ.

तेव्हा कोथरूडच्या एका निवृत्त गृहस्थांकडे ही सायकल विकाऊ असल्याचं कळलं. ते मुलीकडे परदेशी निघाले होते. मी गेलो. त्यांनी सायकल गॅलरीत स्टँडला लावून ठेवली होती. म्हणाले, “चालवून नंतर बघा. आधी दहा मिनिटं नुसते पडा.” मी पडलो. दहा मिनिटांनी त्यांनी हाक मारली तेव्हा चहा गार झाला होता आणि मी घोरत होतो असं त्यांच्या पत्नीचं म्हणणं. यानंतर घासाघीस करायला तोंड राहत नाही. अठ्ठावन्न हजार मोजले.

१७ जुलै २०२४ ला, आषाढी एकादशीच्या दिवशी, सायकल छोट्या हत्तीत घालून एक्स्प्रेस वेनं पनवेलला आणली. खोपोलीपर्यंत ड्रायव्हर गप्प होता. मग त्यानं विचारलं, “काका, हे जिमचं हाय का दवाखान्याचं?” मी सायकल म्हटल्यावर त्यानं आरशातून मागं एकदा सायकलीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पनवेल येईपर्यंत पुन्हा गप्प झाला.

आषाढीचा मुहूर्त मी काही मुद्दाम साधला नव्हता, पण तो लागू पडला. त्या दिवशी देव झोपतात ते कार्तिकीला उठतात. पनवेलच्या पावसात सायकलीनंही तेच केलं. लिफ्टमध्ये ती मावेना. वॉचमन आणि मी मिळून जिन्यानं दुसऱ्या मजल्यावर चढवली, आणि चार महिने ती आमच्या हॉलमध्ये शेषशायी होऊन राहिली. कोकणातल्या पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, त्यांना फक्त वास येत राहतो. पंख्याखालची साडेसात फुटांची ती लोखंडी काठी सौ.च्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. हँडलवर बनियन, खुर्चीच्या पाठीवर टॉवेल, चेनच्या नळीवर जुनी ओढणी गुंडाळून त्यावर साड्या. दोन्ही पॅडलना एकेक पायमोजा. शेजारणी येऊन चौकशी करू लागल्या, कुठे मिळतो हो हा स्टँड?

त्या रिकाम्या महिन्यांत मी या सायकलीचं कुळ शोधलं, आणि मला माझे पूर्वज सापडले. फ्रान्समध्ये शार्ल मोशे नावाचे एक गृहस्थ होते. त्यांनी अशी आडवी सायकल बनवली आणि फ्रान्सिस फोर नावाच्या शर्यतपटूला दिली. हा फोर पहिल्या फळीतला नव्हता, तो दुसऱ्या दर्जाचा गडी. ७ जुलै १९३३ ला पॅरिसच्या बंदिस्त धावपट्टीवर त्यानं पडल्या पडल्या एका तासात ४५.०५५ किलोमीटर कापले. ऑस्कर एगचा १९१४ पासून कोणाला न हललेला ४४.२४७ चा विक्रम गेला. कारण साधं होतं. सायकलवाल्याचा खरा वैरी वारा, आणि ताठ बसलेला माणूस म्हणजे वाऱ्याला आयती भिंत. आडव्या माणसाला वारा वरून सोडून देतो.

मग पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेनं काय करावं? सायकल म्हणजे काय याची व्याख्याच नव्यानं केली. बसायची जागा कुठे, पॅडल कुठे, याची मापं घातली, आणि त्या मापात हे यंत्र बसत नाही, म्हणून शर्यतीपुरती ती सायकलच नव्हे. मोशे त्याच वर्षी वारले. आडव्या सायकली मात्र पळतच राहिल्या. २०१६ मध्ये नेवाडाच्या सपाट रस्त्यावर कॅनडाच्या टॉड रायकर्टनं वरून कवच घातलेली असली एक सायकल ताशी १४४ किलोमीटरनं पळवली. तेवढा वेग आपल्या एक्स्प्रेस वेवर धरला तर चलन घरी येतं.

मला त्या संघटनेचा राग येत नाही. मी सोसायट्यांच्या सर्वसाधारण सभांना बसलेला माणूस आहे. आमच्याकडेही ठराव आलाच. सदर वाहन दुचाकीच्या जागेत बसत नाही, चारचाकीच्या जागेचं भाडं सभासद भरत नाहीत, सबब सदर वस्तू वाहन नसून सामान समजण्यात यावी. एकमतानं मंजूर. पण आतली खरी गोष्ट वेगळी आहे. आपल्याला कष्ट दिसावे लागतात. माणूस वाकलेला हवा, घामेजलेला हवा, उभा असला तर उत्तमच. आपला देवसुद्धा विटेवर उभा, बसायलाही तयार नाही. तोच देव क्षीरसागरात शेषावर ऐसपैस आडवा असतो, लक्ष्मी पाय चेपत असते, पण त्या रूपाकडे महाराष्ट्रातून कोणी पायी वारी काढत नाही. आडव्यानं जग चालवलं तरी लोक म्हणणार, पडून असतो.

१२ नोव्हेंबरला, कार्तिकीला, देव उठले. मी साड्या उतरवल्या आणि सायकल खाली नेली.

आता शिकण्याबद्दल. आपण जमिनीच्या जवळ, म्हणजे तोल सोपा, असं कोणालाही वाटेल. खोटं आहे. तळहातावर लांब काठी उभी तोलता येते, पेन्सिल तोलून दाखवा! जे बुटकं असतं ते पटकन कलतं. त्यात पाय पुढे पॅडलवर. साध्या सायकलीवर तोल गेला की पाय आपोआप खाली येतो. इथे पायाला निरोप पोचून तो निघेपर्यंत जमीनच वर आलेली असते. पडणं मात्र सभ्य असतं. उंची नसल्यामुळे माणूस आपटत नाही, कोणीतरी कुशीवर वळवून निजवल्यासारखा पडतो. पहिल्या सकाळी वडाळे तलावाच्या काठी मी अकरा वेळा असा निजलो. फिरायला आलेल्या आजोबांच्या कट्ट्यानं पहिल्या दोन वेळा धावत येऊन उचललं. तिसऱ्या वेळी त्यांच्यातल्या एकानं लांबूनच विचारलं, “पडलात, की पडलायत?”

हँडल घट्ट धरलं की ती सापासारखी वळवळते, हे मला चौथ्या दिवशी उमगलं. खांदे मागे टाकायचे, हात मढ्यासारखे सैल सोडायचे आणि पहिलं पॅडल मात्र जोरात मारायचं. थोडक्यात, वरच्या अर्ध्यानं झोपायचं आणि खालच्या अर्ध्यानं मस्जिदला गाडी पकडायची.

बाजारातल्या आमच्या सायकलवाल्याकडे ती पहिल्यांदा नेली तेव्हा त्यानं हातातलं पंक्चरचं काम खाली ठेवलं. पान्ह्यानं कानामागे खाजवत त्यानं प्रदक्षिणा घातली. चेन बोटानं मोजत गेला : पुढच्या चक्रापासून सीटखालच्या पुलीपर्यंत, तिथून मागच्या फ्रीव्हीलपर्यंत आणि परत. मग म्हणाला, “तीन सायकलींची चेन आहे ही, काका. आणि माणूस एकच. तोबी झोपलेला.” पुढच्या चाकाची ट्यूब कुठून आणायची या काळजीत मी होतो. त्यानं वर टांगलेल्या पोरांच्या सायकलींच्या ट्यूबांतली वीस इंची काढून माझ्या अंगावर फेकली. बरोबर बसली.

मग झेंड्याचा प्रश्न आला. इतक्या खाली चालवणारा माणूस ट्रकवाल्याला दिसावा म्हणून मागे उंच काठीला झेंडा लावतात. मी भगवा लावला. पहिल्याच चौकात एकानं विचारलं, दिंडी मागे राहिली का? दुसऱ्यानं विचारलं, कुठल्या गटाचे? निळा, हिरवा, पिवळा, लाल, एकेका रंगाचा विचार करून पाहिला, पण आपल्याकडे मोकळा रंग उरलेला नाही. शेवटी सौ.नं नातीच्या जुन्या फ्रॉकचा तुकडा शिवून दिला. त्यावर बदकं आहेत. बदकांचा अजून पक्ष नाही.

डिसेंबरातल्या एका रविवारी पहाटे मी कर्नाळ्याला निघालो. पळस्पे फाट्यावर सिग्नलसारखं काहीतरी झालं होतं, म्हणजे सगळे थांबले होते आणि का ते कोणालाच माहीत नव्हतं. माझ्या दोन्ही बाजूंना कंटेनर. माणूस या उंचीवरून जग बघतो तेव्हा त्याला चाकांचे नट दिसतात, अॅक्सलवर वाळलेला चिखल दिसतो, आणि मागच्या बंपरला दृष्ट लागू नये म्हणून टांगलेली काळी चप्पल बरोबर नाकासमोर येते. बाजूच्या रिक्षावाल्यानं वाकून माझ्याकडे पाहिलं. बघता बघता त्याचा चेहरा मऊ झाला. त्यानं पुढच्याला हाक दिली, “ए, दादांना जाऊ दे रे आधी! पायानं अधू हायत.” रिक्षा सरकली, टेम्पो सरकला, एक बुलेटसुद्धा सरकली. उभ्या आयुष्यात पनवेलमध्ये मला कोणी वाट दिली नव्हती, ती आडवा झाल्यावर मिळाली. खुलासा करायला हवा होता. केला नाही. उलट पुढे टपरीवर चहाला उतरताना, तो रिक्षावाला मागून येताना दिसला, तेव्हा दोन पावलं लंगडावं की काय, असा विचार मनात येऊन गेला. लंगडलो नाही. पण चहा घाईत संपवला.

शिरढोण आलं. आद्यक्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके १८४५ साली जन्मले ते हे गाव. अशा गावातून उताणं जायचं म्हणजे संकोच वाटतोच. खुर्चीत शक्य तेवढी मान ताठ केली. एक कुत्रा भुंकायला धावत आला. सायकलींवर भुंकायची त्याची सवय पोटऱ्यांवर भुंकायची असणार. इथे त्याच्या डोळ्यासमोर एकदम माणसाचं तोंड आलं. तो थबकला, मीही दचकलो. क्षणभर आम्ही एकमेकांच्या डोळ्यांत पाहिलं आणि तो ओळख नसल्यासारखा बाजूला झाला.

पुढे चढ लागला, आणि या सायकलीचं बिंग तिथेच फुटतं. चढावर साधा सायकलवाला पॅडलवर उभा राहून अंगाचं वजन टाकतो. मी उभा कुठून राहणार? सगळं काम मांड्यांनी करायचं. सर्वांत हलका गिअर टाकून मी गोगलगायीच्या वेगानं, बदकं फडकवत वर सरकत होतो. मागच्या कॅरिअरला दोन किटल्या बांधलेला एक दूधवाला, गिअर नसलेल्या काळ्या सायकलीवरून, उभा राहून मला मागे टाकून गेला. जाताना म्हणाला, “आराम चाललाय!” माझ्या नाकाच्या शेंड्यावरून घाम गळत होता, काळीज कानात वाजत होतं. उत्तर द्यायला दम उरला नव्हता.

पण मान वर करावी न लागता कर्नाळा दिसला. तो सुळका, लोक त्याला पांडूचा बुरूज म्हणतात, अंगठ्यासारखा वर आलेला. साध्या सायकलीवर असतो तर मला पुढचं चाक आणि खड्डा दिसला असता. इथे माझे दोन बूट आळीपाळीनं वर येत होते, आणि दर फेरीला दोनदा, दोन्ही बूट एका रेषेत आले की, सुळका बरोबर त्यांच्या मध्ये बसायचा. डावा, सुळका, उजवा, सुळका. मी मोजत राहिलो. अभयारण्याच्या फाटकाशी पोचलो तेव्हा उतरायच्या ऐवजी तसाच सावलीला थांबलो. जगात एवढं एकच वाहन असेल, ज्यावरून मुक्कामाला पोचल्यावर विश्रांतीसाठी उतरावं लागत नाही.

घरी मात्र या सगळ्याचा काही परिणाम नव्हता. सौ.च्या लेखी ती रिकामटेकडीच. जानेवारीपासून ती खाली, जिन्याच्या पोकळीत, ‘सामान’ म्हणून राहू लागली आणि साड्या पुन्हा दोरीवर गेल्या, याची तर तक्रारच होती.

परवा दुपारी जेवून मी जरा पडलो होतो. इंटरकॉम वाजला. वॉचमनचा आवाज घाबरा होता. “काका, लवकर खाली या. काकू पडल्यात.”

चपला न घालता दोन मजले उतरलो. जिन्याची पोकळी रिकामी. बदामाच्या झाडाखाली सायकल, आणि सायकलीवर सौ. पदर खोचलेला, पाय पॅडलवर, डोळे मिटलेले, हातातल्या भाजीच्या पिशवीतला मटार अर्धा सोलून झालेला. वॉचमन लांब उभा राहून मला हातानं खुणावत होता, जिवंत आहेत का बघा.

मी जवळ गेलो. एक डोळा उघडला.

“मटार धर,” ती म्हणाली, “आणि मागून जरा ढकल. गेटपर्यंतच.”