वर्गात व्हीआर : नवशिक्या गुरुजींसाठी सोपी मार्गदर्शिका

मनोर परिसरातल्या जिल्हा परिषद शाळेत तुम्ही शिकवता आणि शाळेत व्हीआर (आभासी वास्तव) चष्म्याचं खोकं आलं आहे, असं धरून चाला. घाबरू नका. पुढच्या पायऱ्या क्रमानं करा.

पायरी १ : खोकं उघडू नका. आधी जडसंग्रह नोंदवहीत नोंद करा. नोंद झाली की खोकं कपाटात आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे. मुख्याध्यापक मीटिंगला पालघरला. उपकरण सुरक्षित राहावं, यासाठी इतका भक्कम उपाय दुसरा नाही.

पायरी २ : दृष्टिकोन सकारात्मक करा. हे प्रशिक्षणात करून देतात. फ्रेड डेव्हिस या अमेरिकी संशोधकानं १९८९ मध्ये मांडलं की, माणूस नवं यंत्र दोन गोष्टी पाहून स्वीकारतो : ते उपयोगी वाटतं का आणि वापरायला सोपं वाटतं का. 'मोडलं तर भरपाई कोणाच्या पगारातून?' हा गुरुजींचा पहिला प्रश्न त्यात नाही. डेव्हिस यांना निर्लेखनाचा प्रस्ताव कधी करावा लागला नसणार.

पायरी ३ : गणित करा. पट चाळीस, चष्मा एक, तास ३५ मिनिटांचा. प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ५२ सेकंद, म्हणजे एका राष्ट्रगीताइतका वेळ. त्यातच पट्टा आवळणं, चष्मा पुसणं आणि 'सर, काळंच दिसतंय' हे सगळं आलं. उरलेल्या एकोणचाळीस जणांना शुद्धलेखन द्या.

पायरी ४ : वय तपासा. मेटा कंपनीचा क्वेस्ट चष्मा दहा वर्षांखालच्या मुलांसाठी नाही. म्हणजे पहिली ते तिसरी सरळ बाद. दहा पूर्ण झालेल्यांनाही तेरा वर्षांपर्यंत पालकांच्या देखरेखीतलं खातं लागतं. पालक बोईसरच्या एमआयडीसीत सेकंड शिफ्टला आहेत. ओटीपी आला तर कळवतील.

पायरी ५ : खिचडीनंतर तास ठेवू नका. चष्म्यात डोळे म्हणतात उडतोय, कानातला तोल म्हणतो बसलोय. या भांडणात खिचडी बाहेर येते.

पायरी ६ : पाठ निवडा. इथं मात्र चेष्टा बाजूला ठेवा, कारण खरी मेख इथंच आहे. 'किल्ले' शिकवायला चष्मा लागत नाही. मनोरच्या मस्तान नाक्यावरून महामार्गानं थोडं पुढं गेलं की खोडकोना; तिथून आशेरीगड चढायचा. वर पोर्तुगीज राजचिन्ह कोरलेला दगड पोरांना बोटानं चाचपू द्या. चिमाजी आप्पांची पोर्तुगीजांविरुद्धची १७३७-३९ ची वसई मोहीम त्या बोटांतून डोक्यात जाईल. पण तारापूरला १९६९ मध्ये देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं, आणि त्याच्या भट्टीच्या पोटात कुठलीही सहल जात नाही. पाणी तिथं उकळतं कसं, त्या वाफेनं टर्बाइन फिरतं कसं, हे फळ्यावर खडूनं काढून गुरुजींचा हात दुखतो. चष्मा तिथं घाला. पाय पोचत नाहीत तिथंच त्याचं काम.

पायरी ७ : कंपनीवर विसंबू नका. शाळांना जगाची सफर घडवणारं गूगलचं एक्सपिडिशन्स २०२१ मध्ये बंद झालं. कंपनीनं गाशा गुंडाळला तरी नोंदवहीतली नोंद गुंडाळता येत नाही.

पायरी ८ : फोटो काढा. चष्मा घातलेली मुलगी, मागे फलक, कोपऱ्यात गुरुजी. फोटो केंद्रशाळेच्या ग्रुपवर टाका. इथं उपक्रम यशस्वी झाला. पाठ झाला की नाही, हा रकाना अहवालात नाही.

वरिष्ठांसाठी जोडपत्र : गुरुजी व्हीआरला 'नको' म्हणाले की त्यांना जुनाट ठरवू नका. मोबाइल, प्रोजेक्टर, दीक्षा ॲप, सगळं त्यांनी वापरून पाहिलंय. त्यांचं 'नको' अनुभवातून आलेलं आहे. खोकं पाठवण्याआधी एवढंच विचारा : 'कुठला पाठ अडलाय?' उत्तर आलं तर खोकं पाठवा. 'पाठ नाही, वर्ग अडलाय' असं आलं तर आधी रिकाम्या जागेवर शिक्षक पाठवा.