अज्ञात इसमास, डब्यासंबंधी

रा. रा. अज्ञात इसम यांसी,



पोलिसांच्या कागदावर आपला उल्लेख 'अज्ञात इसम' असा झाला आहे. दुसरं नाव कळायला मार्ग नाही, म्हणून तेच वापरतो. पत्ताही नसल्यामुळे पत्र खुलं ठेवावं लागतंय. पाकिटात घालून चिकटवलं असतं, तरी आपण ते फोडूनच वाचलं असतं म्हणा. बंद वस्तू उघडायची आपली तीच रीत दिसते.

प्रथम आपलं अभिनंदन. आमचं चौक हे कर्तबगार माणसांचं गाव. सरनौबत नेताजी पालकर इथलेच, असं गाव अभिमानाने सांगतं. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर मॅलेटसाहेब इथे मुक्कामाला होते. ते सहज समोरचा डोंगर चढून गेले आणि त्यांना माथेरान सापडलं. परवा धोंड्याच्या महिन्यात, भर पावसात, मध्यरात्री आपण आमच्या भिंतीपाशी उभी असलेली मोटार फोडलीत आणि आपल्याला तेहतीस अनारसे सापडले. गावाच्या इतिहासात आपलीही नोंद राहावी, म्हणून हा खटाटोप.

आता घडलं ते सविस्तर सांगतो. अंधारात आपल्याला सगळं दिसलं नसेल.

लेक-जावई पुण्याहून दोन दिवसांसाठी आले होते. गाडी जावयाची. विजेवर चालणारी, परदेशी बनावटीची, आणि किंमत अशी की मी ती एकदाच विचारली. दाराच्या कड्या दारातच लपलेल्या असतात, माणूस जवळ गेला की हळूच बाहेर येतात. आमच्या सौ.ना पहिल्यांदा वाटलं, गाडी वाकून नमस्कार करते आहे. आमच्या घराचं फाटक बैलगाडीच्या मापाचं, त्यातून ही गाडी आत येईना, म्हणून ती रस्त्याकडेला भिंतीला लागून उभी राहिली. पहाटे लवकर निघायचं होतं, तेव्हा लेकीने सामान रात्रीच गाडीत नेऊन ठेवलं. अनारशांचा डबाही ठेवला, कारण घरात पावसाळी मुंग्या निघाल्या होत्या. वाटेत अनारसे मोडू नयेत म्हणून तिने तो डबा जावयाच्या लॅपटॉपच्या गुबगुबीत बॅगेत बसवला आणि बॅग मागच्या सीटवर ठेवली. लॅपटॉप घरात, जावयाच्या उशाशी होता.

म्हणजे आपली चूक झाली असं मी म्हणणार नाही. बाहेरून पाहणाऱ्याला बॅग लॅपटॉपचीच होती. त्यातून गाडीच्या काचांवर काळी फिल्म लावायला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली बंदी घातली. जावई कायदा पाळणारा, म्हणून आतलं सगळं आपल्याला स्वच्छ दिसलं. एका माणसाने कायदा पाळल्यामुळे दुसऱ्याला तो मोडायला सोपं गेलं, एवढंच.

आवाज मी ऐकला होता, हे आज कबूल करतो. धप्प झालं, मी उठलो आणि मागच्या दारी जाऊन आधी इर्शाळगडाकडे पाहिलं. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर डोंगर आला, तेव्हापासून पावसात काही वाजलं की आमच्या भागातल्या माणसाची मान आपोआप तिकडे वळते. अंधारात डोंगर दिसला नाही, पण पुढे काही आवाजही आला नाही. जीव भांड्यात पडला आणि मी पुन्हा आडवा झालो. मग गाडीचा भोंगा वाजला. पण जुन्या मुंबई-पुणे हायवेवरच्या गावात भोंग्याने कोण उठतं? गाडीने बिचारीने जावयाच्या मोबाईलवरही निरोप पाठवला होता. जावई पुरणाचे सात धोंडे खाऊन निजला होता. त्याला उठवायला भारतीय सैन्य लागलं असतं.

सकाळी नातवाने पहिल्यांदा पाहिलं. धावत आत आला, मूठ पुढे केली आणि म्हणाला, "आजी, रस्त्यावर खडीसाखर सांडलीय." सौ.नी त्याची मूठ जागच्या जागी धरली आणि एकेक बोट सोडवून दाणे काढले. मागच्या डाव्या दाराची काच होती ती. रस्त्यावर, सीटवर, सीटबेल्टच्या खाचेत, नातवाच्या एका चपलेत, सगळीकडे हिरवट झाक असलेले ज्वारीएवढे दाणे. दार उघडलं की दाराच्या पोटातही ते खुळखुळ्यासारखे वाजत होते.

त्या काचेबद्दल दोन शब्द. आपला तिच्याशी संबंध फारच थोडा वेळ आला. ही टफन काच. ती सहाशे अंशांच्या वर तापवतात आणि गार हवेच्या झोतांनी एकदम निववतात. वरचा थर आधी आवळतो, आतला मागाहून आवळू बघतो, आणि ही ओढाताण काचेत कायमची राहते. साध्या काचेच्या चौपट मार ती सोसते, पण एकदा घाव आत पोचला की सगळीच्या सगळी एका क्षणात दाणे होऊन कोसळते. वरून भक्कम, आतून ताणलेली. सासुरवाडीला आलेला जावई असाच असतो, म्हणून मला हे शास्त्र चटकन समजलं. पुढच्या दारांच्या काचा वेगळ्या आहेत. त्या दुपदरी, मधे पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा. गाडीला इंजिन नाही, त्यामुळे आत इतकी शांतता की वाऱ्याची शीळदेखील खुपते. ती अडवायला हा बंदोबस्त.

टफन काचेची आणखी एक गोम आहे. एकदा तयार झाली की ती कापता येत नाही, कापायला गेलं की दाणे. हे मला आमच्या ओळखीच्या काचवाल्याने सांगितलं. त्याने आमच्या गावच्या निम्म्या खिडक्या, देवांच्या तसबिरी आणि शोकेसं केली आहेत. तो आला, दाराभोवती फिरला, हिरकणी खिशातून काढलीच नाही. म्हणाला, "मास्तर, ही जिथे जन्मली तिथूनच आणावी लागेल." शेजाऱ्यांनी तर दाराला हात लावायचंच नाकारलं, शॉक बसेल म्हणून. जावयाने समजावलं की चाकं फिरवणारी बॅटरी शेकडो व्होल्टची असली तरी काच वरखाली करते ती साधी बारा व्होल्टची. कुणाचा विश्वास बसला नाही. शेवटी खताच्या दोन रिकाम्या पिशव्या फाडून चिकटपट्टीने खिडकीवर लावल्या. पूर्वी लावणीला जाताना बायका डोक्यावर इरलं घेत. आमच्या गावात आता इरली दिसत नाहीत, पण त्या सकाळी एका परदेशी गाडीने ते घेतलं. 'युरिया' हा शब्द बाहेरच्या बाजूला आला.

ते इरलं घालून जावई नव्या मुंबईच्या वर्कशॉपमध्ये गेला. जन्मात आवाज न केलेली ती गाडी पनवेलपर्यंत फडफडत गेली. वाटेत एका ट्रकवाल्याने काच खाली करून विचारलं, "साहेब, खत कुठे उतरवायचंय?"

काच यायला एकोणीस दिवस लागले. आता हिशेब ऐका, तो मुख्यतः आपल्यासाठीच आहे. नवी काच, तिच्याभोवतीची रबरी पट्टी, दाराच्या पोटातले दाणे शोषून काढण्याची मजुरी, आणि शेवटी शिकवणी. हो, शिकवणी. नवी काच बसवली की दारातल्या संगणकाला शिकवावं लागतं की वर कुठपर्यंत जायचं, कुठे थांबायचं आणि मधे बोट आलं तर मुकाट खाली यायचं. मी चौतीस वर्षं शाळेत हेच शिकवलं. काचेच्या शिकवणीचा दर आधी कळला असता, तर माणसांच्या मुलांच्या वाटेला गेलो नसतो. एकूण ५२,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी ९,३६०. बेरीज ६१,३६०. भागिले तेहतीस. एक अनारसा १,८५९ रुपयांना पडला. मुंबईतल्या कुठल्याही पंचतारांकित हॉटेलाने हा भाव लावून दाखवावा.

विमा होता. आपल्याकडच्या विम्यात रबराला आणि प्लास्टिकला निम्मा घसारा लावतात, पण काचेला शून्य. जुनी काच फुटली तरी भरपाई नव्याची. माणसाच्या बाबतीत असं कुणी करत नाही. पण तीन वर्षं दावा केला नाही म्हणून जावयाला हप्त्यात ३५ टक्के सूट होती, आणि एक दावा केला की ती थेट शून्यावर. त्याने कागदावर आकडे मांडले. काचेची भरपाई घ्यावी तर पुढच्या हप्त्यात जवळपास तेवढेच जाणार. मग निमूट खिशातून भरले. सरकारने २०२५ मध्ये विजेच्या गाड्यांना मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर टोल माफ केला, त्याचं त्याला भारी कौतुक होतं. आपल्या नाक्यावर मात्र माफी नव्हती.

आता कायद्याचं. माझा एक वकील विद्यार्थी आहे, त्याला विचारलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यात आपल्यासाठी चांगली सोय आहे. चोरी पाच हजारांच्या आतली, गुन्हेगार पहिलटकर, आणि मुद्देमाल किंवा त्याची किंमत परत केली, तर कलम ३०३ खाली शिक्षा समाजसेवेची. म्हणजे अनारशांपुरते आपण जवळजवळ समाजसेवकच. पण काचेचं नुकसान वीस हजारांच्या वर आणि लाखाच्या आत, त्याला कलम ३२४ खाली दोन वर्षांपर्यंत कैद. आणि चोरी वाहनातून झाली म्हणून कुणी कलम ३०५ काढलं, तर सात वर्षांपर्यंत. सात धोंडे खाऊन जावई झोपला, तेहतीस अनारशांपायी आपण सात वर्षं जागे. आकडे शुभ नाहीत. विचार करा.

तक्रार लिहून घ्यायला बसलेला हवालदार सज्जन होता. सावकाश वाचत लिहीत होता. "लॅपटॉप बॅग, काळी, जुनी वापरती. स्टीलचा डबा, मोठा, जुना वापरता, किंमत अंदाजे तीनशे. अनारसे, नग तेहतीस." इथे पेन थांबलं. "मास्तर, किंमत काय लावू?" मी गप्प. सौ. माझ्या मागून म्हणाल्या, "तीन दिवस तांदूळ भिजवलेत म्हणावं."

त्यांनी सांगितलं ते कागदाच्या रकान्यात मावणारं नव्हतं. आपल्याला सांगून ठेवतो, कारण माल आपण खाल्ला आहे. तीन दिवस तांदूळ भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी उपसून फडक्यावर सावलीत पसरायचे आणि ओलसर असतानाच कुटून चाळायचे. गूळ मिसळून गोळा मुरत ठेवायचा. मग एकेक अनारसा खसखशीवर थापून तुपात सोडायचा. उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. गुळाचं प्रमाण जरा चुकलं की अनारसा तुपात हसतो, म्हणजे विस्कटून जातो, आणि मग घरात दुसरं कुणी हसत नाही. या खेपेस तेहतीसमधला एकही हसला नव्हता. पासष्टी पार केलेली बाई गुडघ्याला पट्टा बांधून चुलीपुढे उभी होती.

काचेचा भाव पैशापर्यंत लागला, जीएसटीसकट. अनारशांच्या रकान्यात हवालदाराने शेवटी आडवी रेघ मारली. गाडीत महाग वस्तू पुष्कळ होत्या. मागे फळीखाली चार्जिंगची केबल होती, तिची किंमत मी इथे लिहीत नाही, नाहीतर आपण परत याल. ते सगळं सोडून आपण नेमकी ती एकच वस्तू उचललीत, जी विकायला गेलात तर कुणी दमडी देणार नाही, आणि विकत आणायला गेलो तर आम्हाला मिळणार नाही.

तरी या घरात आपल्यावर कुणाचा राग नाही. सौ.ना तर आपल्याकडून एकच माहिती हवी आहे: जाळी पडली होती का? आमच्यापैकी कुणीच त्या घाण्यातला अनारसा खाल्ला नाही. जावयाचं वाण, आधी चाखायचं नसतं. एवढ्या कष्टाचा निकाल सांगू शकेल असा जगात एकच माणूस आहे, आणि तो अज्ञात आहे.

राहता राहिला डबा. तो सौ.च्या आईने लग्नात दिलेला. बुडाशी ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलंय, गावासकट. म्हणजे आम्हाला आपलं नाव माहीत नसलं तरी आपल्याला आमचं माहीत आहे, पत्त्याचीही अडचण नाही. लॅपटॉपची बॅग ठेवून घ्या. डबा तेवढा रात्री-अपरात्री भिंतीवर आणून ठेवा, काही फोडावं लागणार नाही. फक्त एक रीत पाळा. आमच्याकडे दुसऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर घालतात.

खडीसाखर नको. नातू अजून घाबरतो.

कळावे. लोभ आवरावा, ही विनंती.

आपला,
ज्याचं नाव डब्याच्या बुडाशी आहे तो
मु. पो. चौक, ता. खालापूर, जि. रायगड