रा. रा. सागरी महामार्ग यांस, मुक्काम पोस्ट नकाशा

रा. रा. सागरी महामार्गसाहेब
(रेवस ते रेडी, प्रमुख राज्य महामार्ग क्र. ४)
यांस सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपण लवकरच येणार असल्याची बातमी पुन्हा पेपरात वाचली. आनंद झाला. दर निवडणुकीला होतो तसाच झाला. बॅरिस्टर अंतुले १९८० साली मुख्यमंत्री झाले आणि त्यांनी आपल्याला कोकणात यायचे बोलावणे धाडले. तेव्हापासून आपण मुंबईच्या चाकरमान्यासारखे ‘या गणपतीला नक्की’ असे कळवत आहात. फरक इतकाच, की चाकरमानी येतो.

आपल्यामागून जन्मलेली कोकण रेल्वे १९९८च्या जानेवारीत सगळ्या मार्गावर धावायला लागली. तिला तर डोंगर फोडायचे होते. समृद्धी महामार्गाचे म्हणाल, तर २०१५ साली नुसते नाव निघाले आणि ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटर पुरे झाले. पण त्याच्या वाटेत खाड्या नव्हत्या, असे आपल्या वतीने आम्हीच लोकांना सांगत असतो. घरच्या माणसाची बाजू घ्यावी लागते.

कागदावर आपला रुबाब मोठा. लांबी सुमारे ५४० किलोमीटर. २०२१च्या अर्थसंकल्पात आपल्या नावाने साडेनऊ हजार कोटींवर आकडा. रेवसहून निघावे, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, हर्णै, गुहागर, गणपतीपुळे, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले करीत रेडीच्या गणपतीपुढे हात जोडावेत, असा बेत. जमिनीवर मात्र खाडी आली की आपण संपता आणि पलीकडच्या काठावर काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू होता. मधल्या पाण्यावर नकाशात तुटक रेघ असते. ती फार सुबक काढली आहे.

नाही म्हणायला भाट्याला पूल आहे, पूर्णगडाला आहे, अंजर्ल्याला आहे. आरे-वारेच्या घाटीत तर आपण इतके देखणे दिसता, की पर्यटक गाड्या थांबवून आपलेच फोटो काढतात. पण खरी परीक्षा धरमतर, राजपुरी, बाणकोट, दाभोळ आणि जयगड या खाड्यांची. रेवसच्या धक्क्यावरून समोर करंजा दिसते आणि गाडीने जायचे तर पेणवरून प्रदक्षिणा. बाणकोटला तर आपण निम्मे आलात! सावित्रीच्या पाण्यात खांब रोवले आणि मध्येच काम थांबले. त्या खांबांचा वर्षानुवर्षे वापर झाला तो पाणकावळ्यांना पंख वाळवायला.

दाभोळची हकीकत सविस्तर लिहितो, कारण आपल्या गैरहजेरीत तिथला कारभार कसा चालतो हे आपल्याला कळायला हवे. दाभोळसमोरच्या काठावर, धोपाव्याच्या उतारावर गाड्यांची रांग लागते. २००३ सालापासून इथे फेरीबोट आहे. आम्ही तिला जंगलजेटी म्हणतो. बोट येते, लोखंडी फळी खरखरत काँक्रीटवर टेकते, आणि मग खलाशी हाताच्या दोन बोटांनी आख्खी वाहतूक चालवतो. “मागं घ्या. अजून मागं. काका, आरशात नका बघू, माझ्याकडे बघा!” दोन मोटारींच्या मधल्या फटीत तो तीन मोटारसायकली बसवतो. एका कोपऱ्यात मासळीची टोपली, दुसऱ्या कोपऱ्यात पुण्याचे कुटुंब सेल्फी काढत. वाशिष्ठीचे पाणी ओलांडायला जी थोडकी मिनिटे लागतात, तेवढ्यात आपला विषय हमखास निघतो. कुणी म्हणतो पुलाचे टेंडर निघाले, कुणी म्हणतो माती तपासली, आणि म्हातारा एखादा म्हणतो, “माका नको सांगूस.” तो बहुधा सिंधुदुर्गाकडचा असावा, तिकडच्या लोकांना आपला अनुभव जास्त.

एक मात्र कबूल, आपण आला नाहीत तरी आपली सावली केव्हाच येऊन पोचली. कातळावर पाट्या लागल्या: ‘सागरी महामार्ग टच, सी व्ह्यू, एन.ए. प्लॉट’. रस्त्याचा पत्ता नाही आणि रस्त्याला टेकलेली जमीन विकली जाते, हा चमत्कार कोकणातच. ज्यांनी वडिलोपार्जित सडा कवडीमोलाने विकला, ते आता त्याच सड्यावरच्या रिसॉर्टात बागकाम करतात. जमीन त्यांना चांगली ओळखते म्हणे.

आणि आता जिथे आपली गरज नाही, तिथे आपण रुंद व्हायला निघालात. गुहागर पाहिलेत? वरच्या पाटापासून खालच्या पाटापर्यंत एकच अरुंद रस्ता, दोन्ही अंगांना घरे, पलीकडच्या घरांमागे माडा-पोफळीची वाडी आणि वाडी संपली की समुद्र. समोरून एसटी आली तर एकाने कुणाच्या तरी अंगणात शिरावे, ही आमची वाहतूक व्यवस्था. इथे आपण अंग पसरलेत तर कुणाची पडवी जाईल, कुणाची विहीर. आणि तिकडे वेळासला किनाऱ्यावर कासवांची पिल्ले वाळूतून निघतात ती उजेडाच्या दिशेने. समुद्रावरचा उजेड पाहून पाण्याकडे जायचे, एवढेच त्यांना कळते. आपले दिवे लागले तर ती पाण्याकडे पाठ करून आपल्याकडे येतील. आपल्या स्वागताला इतक्या उत्साहाने दुसरे कुणी येईल असे वाटत नाही.

तेव्हा साहेब, चौपदरी होऊन येण्याचा आग्रह नाही. गावातून जाताना आहात तसेच वाकडेतिकडे असा, आमची हरकत नाही. फक्त पाण्यावरून या. पाच पूल आधी बांधा, बाकीचे किलोमीटर आमचे आम्ही सांभाळून घेतो. इतकी वर्षे घेतोच आहोत.

कळावे, लोभ असावा.

आपला,
धोपाव्याच्या रांगेतला एक

ता. क. : पूल होण्याआधीच यायचे ठरवलेत तर दाभोळहून शेवटची बोट चुकवू नका, नाहीतर चिपळूणवरून वळसा पडेल. तिकिटाची चौकशी करून ठेवली आहे. दुचाकी, रिक्षा, मोटार, ट्रक यांचे दर पाटीवर आहेत. महामार्गाचा दर पाटीवर नाही. खलाशी म्हणाला, आधी येऊ तर द्या.